तबकडी, सीडी आणि हरवलेला तंबोरा

माझे वडील रेल्वेत होते आणि त्यांच्या नोकरीची बहुतेक वर्षे मिरज जंक्शनवर गेली. ते गेल्यानंतर आम्ही भावंडांनी मिरजेचे घर आवरायला घेतले, तेव्हा माळ्यावरच्या दोन लाकडी पेट्या आणि पुढच्या खोलीतले कपाट मिळून २१४ ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांत १२९ एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या होत्या, ३८ लहान ईपी होत्या आणि उरलेल्या ४७ लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या होत्या. शिवाय नव्वदच्या दशकात घेतलेल्या साठएक सीडी एका खोक्यात होत्या. धाकट्या भावाने सरळ प्रश्न विचारला, की ही सगळी गाणी आता फोनवर ऐकायला मिळतात, मग एवढे ओझे सांभाळायचे कशासाठी? प्रश्न रास्त होता. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे ‘वडिलांची आठवण’ एवढे उत्तर मला पुरेसे वाटले नाही. एकेक तबकडी स्वच्छ करायची, तिची डिजिटल प्रत करायची, तेच ध्वनिमुद्रण सीडीवर किंवा फोनवर मिळत असेल तर शेजारी ठेवून ऐकायचे आणि मगच काय ठेवायचे ते ठरवायचे, असे मी कबूल केले. या कामाला दोन महिने लागतील असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात वर्षाहून थोडा अधिक काळ गेला.

पहिले काम स्वच्छतेचे होते. मिरजेची हवा कोकणासारखी दमट नाही, तरीही माळ्यावरच्या पेटीत ओल शिरली होती आणि अनेक एलपींवर बुरशीची पांढरी जाळी धरली होती. एलपी व्हिनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची असते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात साध्या साबणाचा एखादा थेंब आणि थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढ्या मिश्रणाने, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवत पुसले की ती बुरशी निघते; मधले कागदी लेबल मात्र कोरडे ठेवावे लागते. पहिल्या पंधरवड्यात मी साठ एलपी अशा धुतल्या आणि हाताला त्या कामाची सवय झाली. त्या सवयीनेच घात केला. एका दुपारी एलपींच्या गठ्ठ्यात चुकून आलेली लाखेची तबकडी मी त्याच मिश्रणाने पुसायला घेतली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. घराच्या दारांना पॉलिश करणारा सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये कालवताना मी लहानपणी रोज पाहिला होता, आणि वर्गात विद्रावक शिकवताना हेच उदाहरण कितीदा दिले होते. फडके काळे झाले आणि तबकडीवर तळहाताएवढा भाग राखाडी, निस्तेज पडला. ती तबकडी माझ्या आजीने माहेरून आणलेली, एका नाट्यपदाची होती. तिची ती बाजू आता अर्ध्यावर येऊन नुसती घरघरते. त्या दिवशी मी काम थांबवले. दुसऱ्या दिवशी लाखेच्या सगळ्या तबकड्या वेगळ्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि त्या खोलीत अल्कोहोलची बाटली पुन्हा नेली नाही.

लाखेच्या तबकडीविषयी एक गोष्ट मला या कामात नव्याने उमगली. तिच्यात लाख असते ती केवळ बांधून ठेवण्यापुरती. बाकीचा मोठा भाग दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचा असतो. ही पूड हेतुपूर्वक खरखरीत ठेवलेली असे, कारण चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी अशी योजना होती. म्हणूनच प्रत्येक बाजूला पिन बदलायची असे. आपण ज्याला जुन्या गाण्याची खरखर म्हणतो, तिचा बराचसा भाग काळाने केलेली झीज नसून त्या पदार्थातच असलेला आवाज आहे.

वडिलांचा सूटकेससारखा बंद होणारा प्लेअर मी वापरला नाही. त्याची सुई जड होती आणि एकदा वाजवताना खाचेचे जे नुकसान होते ते परत भरून निघत नाही. मोटर थेट तबकाला जोडलेला, ३३⅓, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग असणारा आणि वेग थोडा कमीजास्त करता येणारा एक वापरलेला टर्नटेबल मी घेतला. सुया दोन लागल्या. एलपीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते, तर ७८च्या रुंद खाचेसाठी सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. एलपीची बारीक सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाला जाऊन धूळ खरवडत बसते. गाणे मात्र खाचेच्या भिंतींवर असते.

याहून अवघड बाब होती ती समतोलाची. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि तीव्र स्वर मुद्दाम वाढवून कापलेले असतात, कारण खर्जाच्या लाटा आहेत तशा कापल्या तर खाच फार रुंद होऊन बाजूवर वीस मिनिटे मावणार नाहीत. आणि वाजवताना तीव्र भाग पुन्हा खाली आणला की त्यासोबत सुईची खसखसही कमी होते. वाजवणारा अॅम्प्लिफायर हे सगळे उलट करून मूळ तोल परत आणतो. हे प्रमाण १९५४ साली ठरले आणि आजही तेच चालते. मात्र त्याआधीच्या तबकड्या वेगवेगळ्या प्रमाणांनी कापलेल्या आहेत, आणि १९२५च्या आधीच्या तर मायक्रोफोनशिवाय, नुसत्या कर्ण्यात गाऊन घेतलेल्या आहेत. अशी तबकडी आजच्या अॅम्प्लिफायरवर सरळ वाजवली की जे तीव्र स्वर कधी वाढवलेच नव्हते ते कापले जातात आणि गाणे गोधडीखालून आल्यासारखे ऐकू येते. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत ही कापाकापी परत उलटवता येते. ती उलटवल्यावर, आणि डाव्या-उजव्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून सुईच्या वर-खाली हालण्यातून येणारा आवाज वजा केल्यावर, एका जुन्या तबकडीतून हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू आला, तेव्हा मी जागची उठून उभी राहिले.

प्रत करण्याचे काम सावकाशीचे असते. फाइलवरून फाइलची नक्कल क्षणात होते, पण तबकडीची प्रत करायला तबकडी पूर्ण वाजावी लागते. मी सेकंदाला ९६,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला २४ बिट या प्रमाणात मुद्रण केले. त्या हिशेबाने दोन वाहिन्यांना मिनिटाला सुमारे ३४.५ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ४५ मिनिटांच्या एलपीला दीड गिगाबाइट. सीडीच्या प्रमाणात हेच मिनिटाला १०.५ मेगाबाइटच्या आसपास भरते. हा जादा तपशील ऐकण्यासाठी घेतला नव्हता. ऐकण्याला सीडीचे प्रमाण पुरते असे माझे मत आहे आणि त्याची कारणे पुढे येतीलच. पुढे सफाई करताना आकडेमोडीला मोकळी जागा राहावी आणि तबकडीवरचे ओरखडे टोकदार, वेगळे ओळखू यावेत, एवढ्यासाठी तो होता.

मग तुलनेला सुरुवात केली. आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय कोणतीही दोन माध्यमे शेजारी ठेवून ऐकू नयेत, हे मी आधीच ठरवले होते. एक डेसिबलभर मोठा आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, आणि एलपी चांगली की सीडी या वादातले कितीतरी निकाल याच एका डेसिबलवर लागलेले असतात. पातळ्या मोजून सारख्या केल्यावर पहिल्या वीस-पंचवीस जोड्यांचा माझा निष्कर्ष सीडीच्या बाजूने गेला, आणि तो मला आवडला नाही तरी खरा होता.

त्याचे कारण तबकडीच्या भूमितीत आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते. कडेला एक फेरा मोठा असतो, म्हणून तिथे सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते. लेबलजवळ येईतो हाच आकडा २१ सेंटिमीटरपर्यंत उतरतो. म्हणजे तेवढेच गाणे निम्म्याहून कमी लांबीत दाटीने लिहिले जाते आणि सुईला ती वळणे नीट घेता येत नाहीत. आता ख्याल कसा रचलेला असतो ते पाहा. सुरुवातीला विलंबित, संथ आलाप, आणि बाजू संपत येते तेव्हा द्रुत, तारसप्तक आणि सर्वांत वेगाच्या ताना. प्रशस्त जागा शांत स्वरांना मिळते आणि सर्वांत कठीण मजकूर अरुंद जागेत येऊन पडतो. वडिलांच्या संग्रहातल्या एकीमागून एक एलपीवर द्रुताचा शेवट फाटका, ‘स’काराला जरा चिरका ऐकू येत होता, आणि इतकी वर्षे मी तो गायकाच्या आवाजाचाच गुण समजत आले होते. सीडीवर तेच ध्वनिमुद्रण ऐकले तेव्हा ती तान पहिल्यांदा दाणेदार ऐकू आली.

सीडीत ही अडचण राहात नाही. १९८२ साली आलेली ही १२ सेंटिमीटरची चकती आतून बाहेर वाचली जाते आणि वाचण्याची जागा सरकेल तशी फिरण्याची गती बदलत जाते, त्यामुळे खाचेचा वेग सर्वत्र सारखा राहतो. तिला शिवतो तो प्रकाश, म्हणून झीज नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातले अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल मावते. चांगल्या एलपीवर ते ६० ते ७०च्या आसपास राहते. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतल्याने आवाजाच्या ‘पायऱ्या’ पडतात आणि सलगपणा जातो, हे विधान मला माझ्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकावे लागले आहे. ते चूक आहे. २०,००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे माणसाच्या कानाला येणारी, कोणतीही लाट त्या नमुन्यांतून जशीच्या तशी सलग परत उभी करता येते. पायऱ्या कागदावर काढलेल्या चित्रात असतात, स्पीकरमधून बाहेर येणाऱ्या आवाजात नसतात. शिवाय ख्यालाला सीडीने जे दिले ते मला फार मोलाचे वाटते. लाखेच्या तबकडीने गायकाला साडेतीन मिनिटे दिली, एलपीने वीस-बावीस दिली आणि सीडीने सलग ७४ मिनिटे दिली. एलपीच्या काळात एक राग मधोमध तोडून वडील उठत, तबकडी उलटत, आणि खोलीतली सगळी माणसे तेवढा वेळ गप्प बसत.

निकाल येथेच लागला असता. परंतु एका जोडीवर मी अडले. एका बुजुर्ग गायकाच्या मालकंसाची एलपी आणि त्याच ध्वनिमुद्रणाची नंतर निघालेली सीडी यांत सीडी मोजमापाला सर्वतोपरी स्वच्छ होती, खरखर जवळजवळ नव्हती, आणि तरीही दोनदा ऐकल्यावर मला ती परत लावावीशी वाटेना. मिरजेत अशा वेळी कोणाकडे जायचे हे सांगावे लागत नाही. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे करणारी घरे आहेत. वडील ज्यांच्याकडे जाऊन तासन्‌तास बसत, त्या वयस्कर कारागिरांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. त्यांना घरी बोलावले, चहा दिला आणि कोणते काय आहे हे न सांगता, पातळी सारखी केलेले दोन्ही तुकडे ऐकवले. पहिला तुकडा एलपीचा होता. तो ऐकताना ते मान हलवत होते. दुसरा सुरू होऊन मिनिटही झाले नसेल, तोच त्यांनी हात वर केला आणि विचारले, “ताई, ह्यातला तंबोरा कुठं गेला?”

तंबोरा गेला होता, अगदी खरे. चाचांचे आयुष्य ज्या कामात गेले ते जवारीचे काम आहे. तंबोऱ्याच्या घोडीची माथ्यावरची बाजू घासून इतकी नेमकी उतरती करायची, आणि तारेखाली बारीक दोरा अशा जागी सरकवायचा, की तार घोडीला अलगद चाटत राहते आणि एका षड्जातून वरचे कितीतरी स्वरांश झिणझिणत उमलतात. ते स्वरांश अतिशय बारीक आणि तीव्र असतात. फितीची किंवा तबकडीची खसखसही नेमकी तिथेच, तशीच बारीक आणि तीव्र असते. सीडी काढताना कोणीतरी खसखस पुसण्याची प्रणाली जास्त जोराने चालवली होती आणि तिने जवारीलाही खसखस समजून पुसून टाकले होते. मी दोन्ही फाइलींचे वर्णपट, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज किती आहे हे दाखवणारी चित्रे, काढून पाहिले. एलपीच्या प्रतीत सहा-सात हजार हर्ट्झच्या वर तंबोऱ्याच्या आडव्या रेघा धुळीतून दिसत होत्या. सीडीत तिथे काळोख होता. गायकाचा श्वासही तिथेच गेला होता.

या प्रसंगाने माझा प्रश्नच बदलला. दोष सीडीचा नव्हता. सीडीला तो सगळा तंबोरा सहज पेलला असता. माझी स्वतःची प्रत मी सीडीच्या प्रमाणात उतरवून चाचांना ऐकवली, तेव्हा त्यांना तबकडीत आणि तिच्यात काही फरक सांगता आला नाही, आणि मलाही नाही. म्हणून कोणते माध्यम श्रेष्ठ हे विचारण्याऐवजी ही प्रत कोणत्या मूळावरून, कोणी, किती हात लावून केली हे विचारायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यानंतर माझ्या प्रतींतून मी फक्त ठसठशीत ओरखडे एकेक करून काढले. खसखशीला हात लावला नाही.

फोनवरच्या प्रतींविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यांच्या आवाजाबद्दल माझी तक्रार कमी आहे. पुष्कळ ठिकाणी त्या सीडीवरूनच घेतलेल्या होत्या, तेच गुण आणि तेच दोष घेऊन. तक्रार आहे ती नावांची. एलपीच्या पाठीवर रागाचे नाव, ताल, तबल्याला आणि हार्मोनियमला कोण, तंबोऱ्यावर कोण, असा मजकूर छापलेला असतो. फोनवर बहुतेक ठिकाणी गायकाचे नाव आणि बंदिशीचे पहिले दोन शब्द एवढेच उरतात. दोन ठिकाणी रागच चुकीचा होता, आणि एका ठिकाणी एलपीच्या दोन बाजूंचे विलंबित आणि द्रुत वेगवेगळी गाणी म्हणून उलट्या क्रमाने लावलेले होते. साथीदारांची नावे हरवणे मला गंभीर वाटते. कितीतरी तबलजींची नोंद या पुठ्ठ्यांशिवाय दुसरीकडे कुठेही नसेल. म्हणून मी प्रत्येक कव्हरची पुढची आणि मागची बाजू स्कॅन केली.

टिकाऊपणाची बाब मला सर्वांत अनपेक्षित गेली. विकत घेतलेल्या छापील सीडी एकजात वाजल्या. परंतु २००३-०४च्या सुमारास वडिलांनी एका दुकानातून काही दुर्मीळ मैफली कोऱ्या सीडींवर उतरवून घेतल्या होत्या, त्या अकरांपैकी सात उघडल्याच नाहीत. अशा सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते आणि तो थर उष्णतेने व उजेडाने उडतो. त्या मैफली आता कुठेही नाहीत. आजीच्या खराब झालेल्या तबकडीतून अजून निम्मे पद आणि उरलेली पूर्ण बाजू ऐकू येते. त्या सात चकत्यांतून एक स्वरही येत नाही. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून पृथ्वीचा आवाज पाठवला गेला, तो तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या, खाचा कोरलेल्या तबकडीवर, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांच्या वेगाने वाजवायचा; गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी त्यात आहे. सीडी तेव्हा बाजारात आलीच नव्हती, हे खरे, पण सुई आणि फेरा एवढ्यावर जो वाचता येतो असा लेख दूरच्या प्रवासाला निवडला गेला, हे मला त्या सात चकत्या हातात घेऊन बसले असताना वारंवार आठवत होते.

शेवटी राहिल्या काही लाखेच्या तबकड्या, ज्यांचा वेग ठरत नव्हता. ‘७८’ हा आकडा जुन्या तबकड्यांवर सर्वत्र खरा नसतो. मुद्रणाच्या वेळी यंत्र थोडे हळू किंवा थोडे जलद फिरत असे. ७८ची तबकडी ८०ने वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने, म्हणजे हार्मोनियमच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या चव्वेचाळीस शतांशांनी चढतो, आणि गायकाचा आवाज बारीक होतो. एका तबकडीत हार्मोनियमची साथ आहे. ७८ने वाजवले तर तिचा षड्ज हार्मोनियमच्या काळी एक या पट्टीच्या सुमारे तीस शतांश वर येत होता. हार्मोनियम काही पट्ट्यांच्या मध्ये वाजत नाही. तेव्हा खरा वेग ७६.७च्या जवळ असेल तर गायक काळी एकमध्ये गात आहे, आणि ८१.२च्या जवळ असेल तर तिच्या पुढच्या पट्टीत, पांढरी दोनमध्ये. दोन्ही वेगांच्या प्रती करून मी पुन्हा चाचांना बोलावले. त्यांनी येताना स्वतःचा तंबोरा आणला, आधी काळी एकला लावला, मग पांढरी दोनला, आणि दोन्हींवर तबकडी तीन-तीनदा ऐकली. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, की गळा ओढल्यासारखा होतोय, ताना खऱ्या वाटत नाहीत. पहिलं बरोबर आहे.

भावाला मी कळवले आहे, की छापील सीडी आणि एलपी यांपैकी जिथे दोन्ही सारख्या आहेत तिथे एलपी त्याने हव्या तर कोणाला द्याव्यात. अशा एकूण ५२ निघाल्या. उरलेल्या १६२ मिरजेच्या घरात, माळ्यावरून उतरवून, आतल्या कोरड्या खोलीत उभ्या लावून ठेवल्या आहेत. फाइलींच्या तीन प्रती तीन गावांत आहेत आणि दर वर्षी दिवाळीत त्या उघडून तपासायच्या असे ठरले आहे. त्या शेवटच्या तबकडीच्या नोंदीत मी वेग ७६.७ आणि पट्टी काळी एक असे लिहिले आहे. परंतु त्या काळची हार्मोनियम कोणत्या स्वराला मिळवलेली होती हे मला माहीत नाही, म्हणून ८१.२ची प्रतही शेजारी ठेवली आहे आणि दोन्ही आकड्यांपुढे प्रश्नचिन्ह घातले आहे.